लिही, बरा आहे

“लिही, बरा आहे,” वडील म्हणाले.

मुलीने लिहिलं. “एवढंच? बाकीचे बघा कसे घडाघडा बोलतात. तुमचीच तेवढी दातखीळ बसते.”

वडील हसले असावेत. कंपवाताने चेहरा असा आवळला होता की हसू ओळखायला घरचंच माणूस लागायचं.

जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. हात थरथरायला लागला तेव्हा मुलीनेच त्यांना फोनवरच्या या ग्रुपात घातलं. सगळे कंपवाताचेच. सुरुवातीला ते एका बोटाने तासन्‌तास लिहीत बसायचे. ती खोलीत आली की फोन उपडा. “प्रेमप्रकरण आहे का?” ती चिडवायची. पुढे बोटं फोनवर ठरेनात. जीभही जड झाली; त्यांचं बोलणं तिला एकटीलाच कळायचं. मग दुपारी कामावरून जेवायला आली की ती शेजारी बसून लिहायची. तेव्हापासून रोज हेच, बरा आहे. निदान मन तरी सावरलं, असं ती नवऱ्याला सांगायची.

आज ग्रुपात एक नवी बाई आली होती. मनातलं लिहावंसं वाटतं, पण सून सारखी जवळ असते, काय करू, असं तिने विचारलं होतं. ग्रुप चालवणाऱ्या मास्तरांचं उत्तर मुलगी नेहमीसारखं मोठ्याने वाचू लागली.

“घरचं माणूस जवळ असलं की नुसतं ‘बरी आहे’ लिहा. आम्ही समजून घेतो. आमचे पेंटरकाका बिचारे...”

पुढचं तिने मनात वाचलं. बिचारे कित्येक महिने तेवढंच लिहितात. आधी रोज रडायचे, मरणाच्या गोष्टी करायचे. तेव्हा आम्ही समजूत घालून त्यांना धरून ठेवायचो. आता ते काही बोलतच नाहीत.

तिने वर पाहिलं. वडील खिडकीकडे बघत होते. ती कुठे थांबली ते त्यांना कळलं होतं.

उठून बाहेर जावं, असं तिला वाटलं. पण फोन त्यांच्या हातात ठेवून उपयोग काय? नवऱ्याला बसवावं, तर त्याला सासऱ्यांचा एक शब्द कळत नव्हता. तिला रडू आलं. त्याहून जास्त राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

“बाबा,” ती म्हणाली, “मी इथे नाहीच असं समजा. मनात असेल ते बोला. मी नुसती लिहीन. विचारणार काही नाही.”

वडिलांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ओठ जुळवायला त्यांना बराच वेळ लागला.

“तू नाहीस असं समजलो,” ते म्हणाले, “तर मग जगू कशाला?”