रेंज

हायवेवरच्या हॉटेलसमोर विजेच्या गाड्यांचा चार्जर होता, त्याला गाडीत खुपसायच्या दोन गन. एकीला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, म्हणजे ती बंद. दुसरी एका पांढऱ्या गाडीला लावलेली आणि त्या गाडीचा मालक आत हॉटेलात निवांत जेवत बसलेला. तो ढेकर देत बाहेर आला तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते.

"चला, आला आपला नंबर!" बाबा वही सावरत उठले.

विजेवरची गाडी धाकट्या लेकीची, दीड महिन्यापूर्वी घेतलेली. बेत मात्र बाबांचा. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. तीन आठवडे रोज संध्याकाळी धाकटीला फोन लावून त्यांनी वहीत रस्ता आखला होता. कुठे किती टक्के बॅटरी उरणार, चार्जर कुठे, चढ किती खाणार. त्या फोनवर ते मनसोक्त हसायचे. शेजारच्या खोलीत भाजी निवडता निवडता मोठी ते हसणं ऐकायची. अकरा वर्षं बाबा तिच्याकडे राहत होते आणि तिच्या वाट्याला तीनच वाक्यं यायची. गोळी दे. पंखा कमी कर. दार लावलंस का?

आजही सकाळपासून ती मागच्या सीटवर होती. सोबतीला औषधांची पिशवी, डबे आणि बाबांची शाल. पुढे दोघांचं रंगलं होतं.

"एकतीस टक्के!"

"मी तेहतीस लिहिलेत. तू चढावर पाय दाबलास!"

आणि पुन्हा खो खो हसणं.

आता नऊच टक्के उरले होते. ज्या पुलासाठी निघाले होते तो इथून अडतीस किलोमीटर, चार्ज केल्याशिवाय गाठणं अशक्य. तरुणपणी बाबांनी त्याची पहिली आखणी केली होती आणि उद्यापासून तो पाडायला घेणार होते. पाचच्या आत या, पुलावर सोडतो, असं तिथल्या चौकीदाराने कबूल केलं होतं.

धाकटीने गन लावली, फोनवर बोटं फिरवली. "बाबा, ओटीपी मागतोय. खातं तुमच्या नंबरवर आहे ना? तुमच्या फोनवर आला असेल बघा."

"माझा फोन ताईकडे."

मोठीच्या काखेतल्या पर्समध्ये फोन थरथरला. बरगडीला जाणवला तिला.

"नाही आला," ती म्हणाली. "इथे रेंज नाहीये."

"माझ्या फोनला तर आहे."

"कंपनी वेगळी."

किती सहज जमलं, याचं तिलाच नवल वाटलं. होऊ दे जरा तारांबळ दोघांची, एवढंच तिच्या मनात होतं.

धाकटीने पुन्हा मागवला. पुन्हा बरगडीला थरथर. मोठीने पर्स उघडून पाहिल्यासारखं केलं आणि मान हलवली.

धाकटीचा चेहरा पडला. "एकदाच मागवता येईल आता. मग मशीन तासभर लॉक होतं म्हणे."

या वेळी मात्र द्यायचा, मोठीने ठरवलं. आत्ताच आला म्हणायचं, की संपलं. फोन थरथरला तसा तिने पर्समध्ये हात घातला. सहा आकडे स्पष्ट दिसत होते. धाकटीचे डोळे भरून आले होते. बाबांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"रडतेस काय, वेडे? तू होतीस म्हणून मी घराबाहेर तरी पडलो. नाहीतर बसलो असतो तिथेच, भिंतीकडे बघत."

तिथेच. म्हणजे मोठीच्या घरात. बाबांच्या डोळ्यांना सोसेल असा रंग शोधून त्या भिंती ती दर दोन वर्षांनी रंगवून घ्यायची.

तिने फोन आत सोडून दिला आणि पर्सची चेन ओढली.

मशीन एकदा टुंग वाजलं. लाल दिवा लागला.

बाबांनी वही मिटली. "तासभर म्हणजे संपलंच. चौकीदाराला कळवायला हवं, उगीच वाट बघत बसेल. दे गं फोन."

"मी लावते ना," मोठी घाईने म्हणाली.

"माझ्यावरून करा," धाकटीने आपला फोन पुढे केला.

"नको, अनोळखी नंबर उचलत नाही तो." बाबांचा हात मोठीपुढेच पसरलेला होता.

तिने फोन दिला. बाबांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. तीन मेसेज एकाखाली एक होते, प्रत्येकापुढे वेळ. त्यांनी तिन्ही वाचले. मग मोठीकडे पाहिलं. रागाने नाही. मोजणीत आकडा चुकला की नेमका कुठे चुकला ते शोधतात, तसं.

"आहे का रेंज?" धाकटीने विचारलं.

मोठी पर्सची उघडी चेन ओढू लागली.

"नाही गं," बाबा म्हणाले. "ताई म्हणते ते खरंय. थांब, तिकडे उंचावर मिळते का बघतो."

हॉटेलच्या कडेला रस्त्याच्या कामासाठी आणलेल्या खडीचा मोठा ढीग होता. शहात्तर वर्षांचे बाबा दुखऱ्या गुडघ्यावर हात दाबत त्यावर चढू लागले. पायाखालची खडी घसरत होती.

"बाबा, पडाल!" धाकटी धावली. मोठीही धावली, पण ढिगाच्या पायथ्याशी तिचे पाय थबकले.

बाबा माथ्यावर पोचले. धापा टाकत उभे राहिले. फोन धरलेला हात त्यांनी उंच आभाळाकडे नेला, जरा डावीकडे वळवला, जरा उजवीकडे.

"मिळाली!" ते वरून ओरडले. "इथे जराशी मिळतेय!"