गप्प झालेली पेशी

स्पीकर तडतडत होता, म्हणजे पेशी जिवंत होती.

प्रयोगशाळेतल्या त्या संशोधक मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे. आज मात्र ती स्टुलाला चिकटली होती. भिंगाखाली मेंदूचा नखाएवढा काप. त्यातल्या एकाच पेशीत केसाहून बारीक काचेची सुई. पेशीत ठिणगी उडाली की स्पीकर तड् करायचा.

सकाळपासून भिंगरी त्या पेशीकडून एकच धडा गिरवून घेत होती. सुईतून हलका इशारा, आणि एक लांब श्वास घेता येईल एवढ्या वेळाने जोराचा झटका. इशारा, झटका. इशारा, झटका. धडा पाठ झाला असेल, तर येणाऱ्या झटक्याच्या धास्तीने, नुसत्या इशाऱ्यानेच पेशीची बोबडी वळायला हवी. झटक्याची वेळ टळली की पुन्हा कंठ फुटायला हवा.

"अगं, शिकणं पेशी-पेशींमधल्या जोडण्यांत असतं," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम मागून म्हणाल्या. त्यांची उभी हयात त्या जोडण्यांवर गेली होती. "एकटी पेशी काय शिकणार, कपाळ! टाक औषध, तोड जोडण्या. पाटी कोरी निघाली, तर उद्यापासून हे टेबल दुसऱ्याचं."

थेंब पडले. पेशीचा शेजारणींशी अबोला झाला. तडतड चालूच होती. भिंगरीने बटण दाबलं. फक्त इशारा.

स्पीकर बंद पडल्यासारखा गप्प झाला.

पाठ झालेल्या धड्याची शांतता आणि मेलेल्या पेशीची शांतता, ऐकायला दोन्ही सारख्याच.

"गेली," मॅडम म्हणाल्या. "औषध सोसलं नाही बिचारीला." हात सवयीने सुई उपसायला पुढे झाला.

भिंगरीने चक्क मॅडमचं मनगट धरलं. "मॅडम, जरा दम धरा ना! प्लीज!"

तड्.

तड् तड् तडतडतड!

तिने पुन्हा इशारा दिला. गप्प. श्वासभराने पुन्हा तडतड.

"आलं! एकटीला आलं!" भिंगरी स्टुलावरून उडालीच. "मॅडम, तिच्या आतच आहे सगळं! हसा की आता!"

मॅडम हसल्या नाहीत. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "इतकी वर्षं गप्प झालेल्या पेशी मी मेल्या म्हणून फेकत आले गं."