लेकीएवढी वाळू

तिने श्वास सोडला, गुडघे वाकवले आणि बाथरूमच्या भिंतीवरच्या टवका उडालेल्या टाइलवर नजर रोखली. मग लेकीच्या पाठीमागून आणि मांड्यांखालून हात घालून तिला एका दमात उचललं. चाकांच्या खुर्चीतून आंघोळीच्या खुर्चीत. पाय सरकला नाही, कंबर कुरकुरली नाही.

"आई, तू पहिलवान झालीस," लेक म्हणाली. "आता अजिबात हलत नाहीस."

"मग? समजलीस काय आईला?"

याच फरशीवर ती एकदा लेकीसकट घसरली होती. लेकीचा ओठ फाटला. तो सांधला, पण हिच्या मनातली भीती काही गेली नाही. ओली फरशी दिसली की ती दारातच थबकायची. त्यात डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "स्नायूंचा आजार आहे. पायांत पुन्हा जोर येईल, असं मी म्हणणार नाही. पण पोर वाढणार, उंच होणार, जड होणार. तुम्हाला ती उचलता आली पाहिजे."

म्हणून ती औषधांच्या दुकानावरच्या व्यायामशाळेचा जिना चढली होती. तिथल्या बाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वजन कमी करायचंय?"

"नाही. वजन उचलायचंय."

सगळं ऐकून घेतल्यावर बाई म्हणाल्या, "नुसती ताकद कमावून भागायचं नाही. जोर आहे पण कंबर वाकत नाही, तर पाठ धरेल. कंबर वाकतेय पण पायांत जोर नाही, तर पुन्हा पडाल. दोन्ही करायचं." मग अर्धा वेळ योगासनं आणि अर्धा वेळ वजनं, असं सुरू झालं. मालासनात उकिडवं बसून आखडलेले खुबे मोकळे करायचे आणि लगेच त्याच बैठकीतून वजन घेऊन उठायचं. पण बाईंनी तिच्या हातात लोखंड दिलं नाही. लेकीचं वजन विचारलं, काट्यावर जाड कापडाचं पोतं ठेवलं आणि बरोबर तेवढी वाळू भरली.

"लोखंड एका जागी गप पडून राहतं. पोर तशी नसते, हातात कलंडते. वाळूही कलंडते. पोर वाढेल तशी यात भर घालत जाऊ."

वृक्षासनात ती पहिल्यांदा भेलकांडली, तेव्हा बाईंनी समोरच्या भिंतीवरचा खिळा दाखवला. "तिथे नजर ठेवा. नजर हलली की तोल गेलाच म्हणून समजा." घरी खिळा नव्हता, टवका होता. लेकीला उचलायचं तर टवक्याकडे बघायचं, ही सवयच लागून गेली.

तशी तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. रात्रीचा खोकला, ताटात उरलेला घास, गार पडलेली बोटं. सासूबाई मात्र भलतंच काही काढायच्या.

"पोरगी सुकत चाललीय गं."

"उंच होतेय, आई. म्हणून तशी दिसते." सासूबाईंना नात कायम उपाशीच दिसायची. त्यांचं किती मनावर घ्यायचं?

आंघोळ उरकून, लेकीला सासूबाईंपाशी बसवून ती व्यायामशाळेत पोचली, ती जवळजवळ नाचतच. "बाई, तुमचे पाय धरले पाहिजेत. आज लेक अशी उचलली गेली, जशी काही उशीच."

"छान. आता पोतं घ्या."

ती मालासनात बसली. पोतं छातीशी घेतलं. नजर खिळ्यावर. उठली खरी, पण मांड्या थरथरल्या आणि पोतं खाली ठेवताना तोंडातून हुंकार निघाला. कपाळ पुसत ती हसली.

"लबाडी करता हं बाई. मला न सांगता वाळू भरत बसता."

बाई मॅट गुंडाळत होत्या. "मी कुठे भरली?"

"मग काय आपोआप वाढली?"

"अहो, लेकीचं नवं वजन तुम्ही सांगणार होतात ना? सांगितलं की भरू, म्हणून मी थांबलेय. पहिल्या दिवशी होती तेवढीच आहे."

तिच्या चेहऱ्यावर हसू तसंच राहिलं. काढून टाकायचं तिला सुचलंच नाही. बाईंचे हात गुंडाळता गुंडाळता थांबले.

"एकदा तिला काट्यावर..." बाई बोलू लागल्या.

ती पोत्याशी उकिडवी बसली. तोंडाची गाठ सोडली. ओंजळभर वाळू काढून मॅटवर ठेवली आणि पोतं उचलून पाहिलं. जड होतं. आणखी काढली. अजूनही जड. बाईंनी तिला थांबवलं नाही. तिला काट्याची गरज पडली नाही. सकाळचा भार हातांना अजून आठवत होता. पोतं लेकीसारखं उचललं गेलं तेव्हा ती थांबली. मॅटवर वाळूचा ढीग साचला होता. भिंतीवर खिळा होता. तिला ढिगावरून नजर काढता येईना.

संध्याकाळी लेकीचे हातपाय धुवायला ती तिला बाथरूममध्ये घेऊन गेली. श्वास सोडला, गुडघे वाकवले, हात घातले. टवका उडालेल्या टाइलकडे तिने पाहिलं नाही. लेकीच्या तोंडाकडे पाहिलं.

"आई," तिच्या गळ्यात हात टाकत लेक म्हणाली, "आज तू हलतेयस."