दसऱ्याचं मतदान

सुनेनं सासूला विचारायची रीत आमच्या घरातून गेली, आता ती फोनला विचारते. दसऱ्याच्या रात्री जेवायला काय करायचं, हेसुद्धा आमच्या पावनीनं घरच्या ग्रुपवर मतदानाला टाकलं: पुरणपोळी की गोबी मंचुरियन!

या घरात आल्यापासून दसऱ्याच्या पोळ्या मी एकटी लाटते, दुसऱ्या कुणाच्या मला पसंतच पडत नाहीत. आठवडाभर मी एकेकाला धरून झापलं, "अय्यो, चामुंडीला काय मंचुरियनचा नैवेद्य दाखवू?"

तरी निकाल लागला तो मंचुरियनचाच. पुरणपोळीला अख्ख्या घरातून एकच मत.

"बघा, माझ्याशिवाय कुणाला सणाची चाड उरलीय का?" मी सगळ्यांसमोर म्हणाले.

पावनीनं फोन माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, "अत्ते, ते एक मत माझं आहे. यात प्रत्येकाचं नाव दिसतं. तुमचं मंचुरियनला पडलंय."



मी म्हटलं, "मत गुप्त ठेवायचं असतं, एवढंही ठाऊक नाही तुला? आणि शाळेत पोरांना नागरिकशास्त्र शिकवतेस!"