दोन उंडे

रेवतीला शाळेतून काढून घरीच शिकवायला लागले, तेव्हा मी एक नियम घातला. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की दिवसभरात ज्याचे उपकार झाले त्याचं नाव घ्यायचं आणि ‘देव बरें करूं’ म्हणायचं.

गोव्यात मये गावाला आमचं घर वस्तीपासून लांब, तळ्याच्या अंगाला. तिथे ती रोज एकच नाव घ्यायची, सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचं. आज मी चिडलेच.

“रोज काय गो पोदेरच? तुला तर त्याचा तो गोल उंडा आवडतसुद्धा नाही. तुझा पाव कुत्रा खातो ते मला दिसत नाही होय?”

“तूही खात नाहीस,” ती म्हणाली. “मग घेतेस कशाला?”

दिवसातून एकदा तरी माझ्याखेरीज कुणीतरी तिच्याशी चार शब्द बोलावं, एवढ्यासाठी मी ते दोन उंडे घेत होते. हे तिला कसं सांगणार?

तिने समईची वात पुढे सारली.

“तो फाटकातून ‘शालनबाय’ अशी हाक मारतो. तुला नावाने बोलावणारं दुसरं कोण आहे, आई?”