सूर्यचूल

दिवाळीला स्वतःसाठी साडीऐवजी माधुरीने सूर्यचूल आणली, काचेच्या झाकणाची आणि आरशाची पेटी. सासूबाई, राहीबाई, फणकारल्या, "उन्हात कुठं डाळ शिजती व्हय? मी न्हाई हात लावायची त्याला."

सकाळी अंगणातल्या पेटीत डाळ-तांदूळ ठेवून माधुरी शाळेत शिकवायला जायची. दुपारी परतावं तर सगळं मऊ शिजलेलं. मग पहिला घास ती सूर्याला दाखवायची, आणि नंतरच जेवायची.

फाल्गुनात राहीबाई चार दिवस लेकीकडे संगमनेरला गेल्या. ऊन तेच, पेटी तीच, पण चारही दिवस डाळ कच्चीच. रविवारी सकाळी त्या परतल्या.

"आई, पेटी बिघडली वाटतं."

"बिघडंल कशाला? ऊन सरकतं, पेटी सरकत न्हाई. घंट्या-घंट्याला तिचं तोंड फिरवाय लागतं."

"मग इतके दिवस कोण फिरवत होतं?"

राहीबाईंनी पदराने काच पुसून पेटी उन्हाकडे वळवली.

दुपारी माधुरीने पहिला घास सासूबाईंसमोर धरला.

"अगं, आधी सुर्व्याला दाखव."

"त्याला सगळं ठाऊक होतं, आई. मलाच नव्हतं."