टेकून बसणारा माणूस

नाना जाऊन सहा दिवस झाले होते. यशोधरा चटईवर बसली होती आणि भेटायला आलेल्या बायका तिच्या डोळ्यांत पाणी शोधत होत्या. ते नव्हतं.

“बिचारी! वडिलांचं करता करता लग्नाचं वयही गेलं,” शेजारच्या इंदुमतीबाई देवासहून आलेल्या काकूंना म्हणाल्या, यशोधरा तिथे नसावी तशा. पिठलं-भाताचा डबा त्यांनी उंबऱ्याशी ठेवला होता. सुतकाच्या घरचं त्या पाणीही घेणार नव्हत्या.

“म्हणून तर तेराव्यानंतर देवासला नेते हिला,” काकू म्हणाल्या. “हे घर, शाळेतली नोकरी, सगळं सोडायचं. आमच्याकडचा एक कोपरा पुरेल. खाणार काय, दोन घास!”

यशोधरेने मान हलवली. हो म्हणायला काही लागत नव्हतं.

नाना म्हणायचे, कीव करायला आलेला माणूस कधी टेकून बसत नाही. तिने पाहिलं. सगळ्या पाठी ताठ होत्या.

चारला जयसिंगराव आले. नानांचे बुद्धिबळातले भिडू. राज्याची राजधानी दर सहा महिन्यांनी इथून ग्वाल्हेरला नि तिथून परत हलायची, या दोघांचा चारचा डाव कधी हलला नव्हता. त्यांनी टोपी खुंटीला लावली, आपल्या खुर्चीत मागे रेलले आणि सवयीने म्हणाले,

“यशू, चहा टाक भई. अद्रक जरा ज्यादा.”

बायकांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

“अहो, सुतक आहे,” काकू हळूच म्हणाल्या.

जयसिंगरावांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग टोपीकडे. पण उठले नाहीत.

“हां,” ते म्हणाले. “मग साखर नको.”

यशोधरा उठली. सहा दिवसांत तिच्याकडे कोणी काही मागितलं नव्हतं. स्टोव्हला पिन मारताना बोटं काळी झाली. ती तशीच पदराला पुसून तिने कप आणला.

एक घोट घेऊन जयसिंगरावांनी तोंड वाकडं केलं.

“नुसतं पानी! नाना असता तर फेकला असता.”

“कपासकट,” ती म्हणाली.

त्यांनी चहा संपवला. इंदुमतीबाई पदर सावरून उठल्या.

“मग यशू,” काकू म्हणाल्या, “उद्यापासून सामान बांधायला घेऊ ना?”

यशोधरेने रिकामा कप उचलला.

“नको, काकू. उद्या चारला यांचा चहा असतो.”